घरच्या कार्यशाळेत जुनी कॉन्टेसा उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हिंदुस्थान मोटर्सची जुनी कॉन्टेसा मोटार विकत घेऊन ती घरीच पुन्हा चालती करू पाहणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांच्याकडून वरचेवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांच्याकडे स्वतःची शेड किंवा बंदिस्त पडवी आहे, पान्यांची ओळख आहे आणि जे सुट्टीच्या दिवशीच काम करू शकतात, अशा वाचकाला समोर ठेवून ती लिहिली आहेत.

मसल कार म्हणायचे आणि कॉन्टेसा घ्यायची, हे कितपत योग्य आहे?

मसल कार हा मूळचा अमेरिकी प्रकार आहे. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ किंवा १९६६ ची डॉज चार्जर यांसारख्या दोन दारी गाड्यांमध्ये मोठे व्ही-८ इंजिन बसवून हा प्रकार लोकप्रिय झाला. तशी गाडी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, आणि मिळालीच तर तिच्या किमतीत बेळगावात घर दुरुस्त होईल. कॉन्टेसा १९८४ ते २००२ या काळात पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे, आणि तिचा मूळ आराखडा १९७० च्या दशकातील इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या गाडीचा होता. लांब बॉनेट, रुंद बांधा आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे तिला देशी मसल कार म्हटले जाते. हे नाव काहीसे उदारपणे दिले गेले आहे, कारण सुरुवातीच्या गाड्यांची ताकद जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास होती. तरीही घरच्या कार्यशाळेसाठी ती उत्तम आहे, कारण तिच्या बॉनेटखाली हात घालायला जागा आहे आणि तिच्यात संगणकाने चालणारे जवळपास काहीही नाही.

कोणत्या इंजिनाची गाडी निवडावी?

पहिल्या गाड्यांमध्ये ॲम्बॅसॅडरचेच १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि चार गिअर होते. पुढे क्लासिक या नावाने आलेल्या गाडीत इसुझुचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तसेच डिझेल इंजिनाची गाडीही निघाली. चालवण्याचा आनंद हवा असेल तर १८१७ सीसीची, म्हणजे बोलीत १८०० ची गाडी घ्यावी. सुट्या भागांची चिंता नको असेल तर १४८९ सीसीची घ्यावी, कारण तिचे भाग ॲम्बॅसॅडरच्या कृपेने आजही मिळतात. १८०० चे इंजिनही ॲम्बॅसॅडरच्या एका आवृत्तीत बसवले जात असल्यामुळे अगदीच पोरके नाही. मात्र इंजिनावरून गाडी निवडणे हीच मुळात चुकीची सुरुवात आहे, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात दिले आहे.

गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

पत्रा. इंजिन चालू होते की नाही, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपल्या भागात लेथ, ओतकाम आणि यंत्रकाम यांची कमतरता नाही, त्यामुळे जाम झालेले इंजिनही पुन्हा उभे राहते. उलट कॉन्टेसाचा नवा पत्रा कोठेही तयार होत नाही आणि उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ पासून बंद आहे. शिवाय या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तिचा सांगाडा आणि बॉडी एकच असल्यामुळे दरवाजांखालचा पोकळ पत्रा (सिल) सडला, म्हणजे गाडीचा कणाच सडला असे समजावे.

तपासणीची पद्धत सोपी आहे. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून चाकांवरच्या कमानी, दारांचा खालचा भाग आणि दरवाजांखालची सिल यांवरून हळूहळू फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली आहे. त्यानंतर पुढची मॅटिंग उचलून पेचकसाच्या मुठीने फरशीचा पत्रा ठोकावा. चांगला पत्रा टणक वाजतो आणि सडलेला बद्द वाजतो. मग चालकाचे दार अर्धे उघडून खालून दोन्ही हातांनी उचलून पाहावे. नुसते दार खडखडले तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, हा किरकोळ खर्च आहे. पण दारासोबत खांबही हलताना दिसला, तर सौदा तेथेच थांबवावा किंवा किंमत भंगाराच्या दरावर आणावी. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि डिकीत स्टेपनीखाली पाणी साचते, म्हणून या दोन जागा विसरू नयेत. नुकताच चकचकीत रंग मारलेली गाडी विक्रेत्याने कितीही मायेने दाखवली, तरी तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे.

गोव्याची गाडी स्वस्त मिळत आहे. घ्यावी का?

चोर्ला घाटाखालची गाडी समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेली असते आणि ती आतून गंजते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागात वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडीही पावसामुळे फारशी वेगळी नसते. अथणी, रायबाग किंवा त्यापलीकडे विजयपूरच्या बाजूच्या कोरड्या हवेतील गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो आणि डॅशबोर्डला भेगा पडलेल्या असतात, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. किमतीत बराच फरक असला तरी कोरड्या भागातील गाडीच शेवटी स्वस्त पडते.

कागदपत्रांबाबत कोणती काळजी घ्यावी?

प्रथम आरसीवरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. क्रमांकाची पट्टी गंजलेली असल्यास ती घासून काढू नये, तर ब्रशने हलके तेल लावून वाचावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्यासाठी २५ क्रमांकाचा अर्ज असतो. ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले आहे. कर्नाटकाचा हरित कर त्याशिवाय भरावा लागतो.

कोल्हापूरची, म्हणजे एमएच-०९ ची गाडी बेळगावात केए-२२ किंवा निपाणी-चिकोडीकडे केए-२३ मध्ये आणायची असेल, तर मूळ कार्यालयाकडून २८ क्रमांकाच्या अर्जावर ना-हरकत घ्यावी लागते, मालकी बदलासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरावे लागतात आणि कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी दराने भरावा लागतो. निपाणीत राहून रोज कागल-कोल्हापूर करणारे अनेकजण जुनाच क्रमांक ठेवता येईल का, असे विचारतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील क्रमांक घेणे बंधनकारक आहे. मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या सह्या पैसे देण्यापूर्वीच मिळवाव्यात. गाडी घरी आल्यानंतर सह्यांची किंमत वाढते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. नोंदणी कायमची रद्द होऊन भंगारात जमा दाखवलेली गाडी मात्र सुटे भाग काढण्यापुरतीच घ्यावी.

व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळेल का?

नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते, त्यामुळे सर्वांत पहिल्या कॉन्टेसालाही २०३४ पर्यंत थांबावे लागेल. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

घरी किती जागा आणि कोणती साधने हवीत?

गाडीच्या चारही बाजूंना माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा, वर पक्के छप्पर आणि खाली सिमेंटची सपाट जमीन हवी. शहापूर किंवा वडगावातील जुन्या घरांच्या बोळात गाडी शिरते, पण दार उघडत नाही, असे घडू शकते. म्हणून दारे उघडलेल्या गाडीची रुंदी गृहीत धरून जागा मोजावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चार मजबूत घोड्या (लोखंडी स्टँड) लावून, गाडी हाताने हलवून पाहून मगच खाली सरकावे, आणि घोडीऐवजी विटा किंवा सिमेंटचे ठोकळे वापरू नयेत, कारण ते सूचना न देता फुटतात.

साध्या २३० व्होल्टच्या घरगुती जोडणीवर लहान इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालते. मात्र त्यासाठी स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी बसवून घ्यावे, आणि मंजूर भार पुरेसा आहे की नाही हे हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर पाहून घ्यावे. पातळ पत्र्यासाठी ०.८ मिलिमीटर तारेचे मिग मशीन (रॉडऐवजी सलग तार सोडणारे वेल्डिंग मशीन) घ्यावे. साध्या वेल्डिंग रॉडने हा पत्रा जोडण्यापेक्षा त्याला भोकेच अधिक पडतात.

गाडी सुटी करताना भाग कसे ठेवावेत?

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नट-बोल्ट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आत कागदाची चिठ्ठी टाकावी. पिशवीवर पेनने लिहिलेले डिझेलच्या हाताने पुसले जाते. फुटलेली क्लिप आणि तुटलेला ब्रॅकेटसुद्धा नवा बसेपर्यंत टाकू नये, कारण नमुना म्हणून दाखवायला तोच उपयोगी पडतो.

सडलेली सिल आणि फरशी घरी बदलता येते का?

येते, पण या संपूर्ण कामात सर्वाधिक धीर येथेच लागतो. सिल कापताच बॉडीचा आधार जातो आणि गाडी मधोमध किंचित खाली बसते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण नवा पत्रा जोडून झाल्यावर दार बसत नाही, तेव्हा ते कळते. म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरपा आधार वेल्ड करावा. दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवाव्यात. घोड्या बॉडीच्या मधोमध न लावता चाकांच्या आधारबिंदूंजवळ लावाव्यात. एका वेळी एकच बाजू कापावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावू नये.

नवी सिल २० गेजच्या पत्र्यातून वाकवून घ्यावी. त्यासाठी जुन्या सिलचा शाबूत तुकडा कापून प्रेसब्रेक (पत्रा वाकवणारे यंत्र) असलेल्या कारखान्यात नमुना म्हणून न्यावा. उद्यमबाग परिसरात असे वाकवणीचे काम करणारे सापडतात, मात्र एका गाडीचे काम त्यांच्या मोठ्या ऑर्डरच्या मध्ये बसवले जाते, त्यामुळे वेळेचा आग्रह धरू नये. पत्रा आधी क्लँपने धरून, दार लावून, फट मोजून मग टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत. टाके एका ओळीत न मारता पुढे, मागे, मध्ये असे विखरून मारावेत, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वळतो. पूर्ण जोड एकदम ओढू नये. प्रत्येक वेल्डच्या मागे रंग, मेण, मॅटिंग, वायर किंवा पेट्रोलची नळी नाही याची खात्री करावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. बॅटरी काढून ठेवलेली असावी. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग करू नये. आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

काम पूर्ण झाल्यावर पोकळीच्या आत लांब नळीने गंजरोधक मेण फवारावे आणि मूळ निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. अनेक ठिकाणी ही छिद्रे लांबीने बुजवली जातात आणि मग नवी सिल काही पावसाळ्यांतच जुनीसारखी होते.

लहान भागांचा गंज घरगुती उपायाने काढता येतो का?

ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट यांसाठी धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून बॅटरी चार्जरने विद्युत प्रवाह देण्याची पद्धत चांगली आहे. भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी सळई धन टोकाला जोडावी. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमचा विषारी अंश पाण्यात उतरतो. हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे हे काम उघड्यावर करावे.

इंजिन घरी खोलावे की लेथवर द्यावे?

खोलणे आणि बसवणे घरी करावे, यंत्रकाम लेथवर द्यावे. या बाबतीत बेळगावइतके सोयीचे गाव क्वचितच असेल. उद्यमबाग आणि मच्छे येथील लघुउद्योग, तसेच तासा-दोन तासांवरचे कोल्हापूरचे शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांमुळे बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि ओतीव भागाची तड सांधणे ही सर्व कामे जवळपास होतात. मेन बेअरिंगच्या कॅपांवर खोलतानाच पंचने क्रमांक ठोकावेत, कारण त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

येथे एक नियम पाळावा : पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करून घेऊ नये. १४८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३.०२५ मिलिमीटर आहे आणि पुढची मापे त्याहून किती मोठी हे इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे २०, ३०, ४० असे मोजले जाते. लेथवाला ब्लॉक पाहून चाळीस सांगतो आणि बाजारात तीसचेच पिस्टन मिळतात, अशी अडचण झाली तर एकदा कापलेले लोखंड परत येत नाही. म्हणून आधी प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घ्यावा, मग माप ठरवून पिस्टन मागवावेत, आणि ते पिस्टन लेथवाल्याला देऊनच बोअर करून घ्यावा. हेड दिले असेल तेव्हाच कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. जुन्या इंजिनांच्या सीटना पेट्रोलमधील शिशाचे संरक्षण मिळत असे, आणि देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते.

ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीचे नुकसान होते का?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा तडकतो. गळणारी नळी गरम इंजिनाजवळ असते, त्यामुळे हा आगीचा प्रश्न आहे. सर्व नळ्या आणि पडदे इथेनॉलला टिकणारे बसवावेत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. त्यासाठी थोडा मोठा जेट लावून स्पार्क प्लगचा रंग पाहून कार्ब्युरेटर जुळवून घ्यावा. हे पेट्रोल हवेतील ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये.

ब्रेकचे काम घरी करणे सुरक्षित आहे का?

समजून केल्यास सुरक्षित आहे. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या सर्व एकदमच बदलाव्यात. यात अर्धवट काटकसर नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास रंग सोलून निघतो.

वायरिंग दुरुस्त करावे की नवे टाकावे?

नवे टाकावे. कडक झालेल्या आवरणाच्या वायरला टेप गुंडाळून चालवणे म्हणजे रंगावर केलेला खर्च जाळण्याची तयारी होय. हेडलाइटला रिले लावल्यास जुन्या स्विचवरचा भार कमी होतो.

रंग कोठे आणि कधी मारावा?

उघडा पत्रा आपल्या पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून जेवढा भाग दिवसभरात घासून होईल तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. नुसता रेड ऑक्साइड ओलावा आत घेतो. लांबी पातळ असावी. जाड लांबीने खड्डा भरण्यापेक्षा पत्रा ठोकून वर आणणारा कारागीर शोधावा. असे हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) काम करणारे जुने कारागीर कमी होत चालले आहेत आणि ते मजुरी अधिक घेतात, पण ती योग्यच आहे.

अंतिम रंग दिवाळी ते होळी या काळात मारावा. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी छटा येते आणि पुढे चमक जाते. आजचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नयेत, कारण त्यांतील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना अपाय करते आणि कापडी मास्क त्यावर निरुपयोगी आहे. तयारी घरी पूर्ण करून शेवटचा हात रंगाच्या बूथमध्ये मारून घ्यावा. आरसीवरील रंगाहून वेगळा रंग निवडल्यास किंवा इंजिन बदलल्यास परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. मूळ आराखड्याशी न जुळणारा बदल कायद्याला मान्य नाही, त्यामुळे दुसऱ्याच कंपनीचे मोठे इंजिन बसवण्याचा मोह टाळावा.

काचा, रबर, ग्रिल, दिवे कोठे मिळतात?

बेळगावात फारसे काही मिळत नाही. बंगळुरूचा जे. सी. रोड, पुण्याची नाना पेठ, मुंबईतील कुर्ला, दिल्लीचे कश्मिरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार येथे शोध घ्यावा लागतो. पुढची काच नमुन्याबरहुकूम करून घेणे महाग पडते, म्हणून गाडी घेतानाच काचा शाबूत आहेत का ते पाहावे. दारांचे रबर मीटरवर मिळते. जुन्याचा तुकडा कापून त्याच्या छेदाशी जुळवून घ्यावे. शक्य असल्यास मोडकी दुसरी कॉन्टेसा भागांसाठी विकत घ्यावी, आणि हा खर्च घरात आधीच सांगून ठेवावा.

एकूण खर्च किती येईल?

आकडा पत्र्याच्या अवस्थेवर ठरतो, आणि तो रंग खरवडल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. जो कारागीर गाडी न खरवडता ठोक रक्कम सांगतो, त्याने लांबीचा भाव सांगितला आहे असे समजावे. पैसे कमी पडणार असतील तर सीटचे कापड, स्टिरिओ आणि अलॉय व्हील मागे ठेवावेत. पत्रा, ब्रेक, टायर आणि वायरिंग यांत कपात करू नये.

पहिल्यांदा गाडी कोठे चालवावी?

विमा आणि नोंदणी चालू असल्याशिवाय कोठेही नाही. त्यानंतर पहिले काही दिवस घराजवळच्या सपाट रस्त्यावर, पाने आणि पाण्याचा कॅन सोबत घेऊन चालवावी. प्रत्येक फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन कोणते अधिक तापले आहे ते पाहावे, कारण तापलेले चाक म्हणजे अडकलेला ब्रेक. नव्या बोअरच्या इंजिनाचे ऑइल ५०० किलोमीटरच्या आत बदलावे आणि टॅपेट पुन्हा तपासावेत. एकाच वेगाने महामार्गावर धरून चालवण्यापेक्षा खानापूर रस्त्यासारख्या वेग कमी-जास्त होणाऱ्या मार्गावर पिस्टनच्या नव्या रिंगा चांगल्या बसतात. पाण्याचे तापमान स्थिर राहते आहे याची खात्री झाल्यावर वंटमुरीचा चढ करून पाहावा. चोर्ला आणि आंबोली घाट त्यानंतरच घ्यावेत, आणि उतारावर ब्रेक धरून न बसता खालच्या गिअरमध्ये उतरावे.